कामाची गोष्ट : टीटर सारखा का जळतो? जुने स्पीकर, बाहेरचा क्रॉसओव्हर आणि वायरींची जोडणी

ऊस वाहतुकीचा हंगाम असो नाहीतर लग्नसराई, त्याच्या आधी गावोगावी एक काम हमखास निघतं. गाडीचा टेप नीट करायचा. दारात जुनी जीप असेल, पिकअप असेल किंवा ट्रॅक्टर. नवीन स्पीकर महाग पडतात म्हणून जुना सेट शोधला जातो. कुणी पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणतं, कुणी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, तर कुणाला शहरातल्या पाहुण्याच्या कारमधून उतरवलेला सेट मिळतो. माल चांगल्या कंपनीचा असतो. पण गाडीला लावला की आठ-पंधरा दिवसांत टीटर बंद पडतो, बफर घरघरतो, आणि मग "जुना माल होता, गेला" असं म्हणून तो भंगारात जातो.

बऱ्याच वेळा दोष मालात नसतोच. अशा सेटबरोबर कंपनी एक छोटा डबा देते. तो डबा एकतर जुन्या गाडीतच राहिलेला असतो, किंवा आणलाय पण "हे काय असतं?" म्हणून बाजूला टाकलेला असतो, किंवा उलटा जोडलेला असतो. या डब्याला क्रॉसओव्हर म्हणतात. तो काय करतो आणि कसा जोडायचा, एवढं समजलं तर जुना सेटही अजून बरीच वर्षं वाजतो. गाडीची वायरिंग जळायचा धोकाही टळतो.

डब्याचं काम : चाळण

गाण्यात सगळ्या प्रकारचे आवाज एकत्र असतात. ढोलाचा घुमारा जाड, टाळाचा आवाज बारीक, माणसाचा आवाज दोन्हीच्या मधला. आवाजाचा जाड-बारीकपणा हर्ट्झमध्ये मोजतात. माणसाच्या कानाला साधारण २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. आकडा कमी तर आवाज जाड, आकडा जास्त तर बारीक.

एकच स्पीकर हे सगळं नीट वाजवू शकत नाही. म्हणून चांगल्या सेटमध्ये दोन वेगळे स्पीकर असतात. मोठा दारात बसतो, तो वूफर. आपल्याकडं त्याला सर्रास बफर म्हणतात. छोटा, रुपयाच्या नाण्याएवढ्या पडद्याचा, डॅशबोर्डवर किंवा काचेच्या खांबाला बसतो, तो ट्विटर, म्हणजे आपला टीटर.

टेपमधून मात्र सगळा आवाज एकाच जोडवायरीतून बाहेर येतो. त्यातला जाड आवाज बफरला आणि बारीक टीटरला वेगळा काढून द्यायचं काम क्रॉसओव्हर करतो. खळ्यावर चाळण धरली की दाणे एकीकडं आणि भुसकट एकीकडं होतं, तसंच हे. गाडीच्या सेटमध्ये ही वाटणी बहुतेक वेळा ३,००० ते ४,००० हर्ट्झच्या आसपास होते. त्याच्या खालचं बफरला, वरचं टीटरला.

हा डबा आवाज वाढवत नाही. त्याला करंटही द्यावा लागत नाही. आलेला आवाज तो फक्त वाटून देतो.

आत काय असतं?

झाकण उघडलं तर दोनच मुख्य वस्तू दिसतील. एक तांब्याच्या तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल. दुसरा कंडेन्सर, ज्याला कॅपॅसिटर म्हणतात. कंडेन्सर शेतकऱ्याला नवा नाही. सिंगल फेज मोटरच्या पेटीत असतो, घरातल्या पंख्यात असतो.

या दोघांचे स्वभाव उलटे आहेत. कॉइल जाड आवाज सहज जाऊ देते आणि बारीक अडवते, म्हणून ती बफरच्या वाटेवर बसवलेली असते. कंडेन्सर बारीक आवाज जाऊ देतो आणि जाड अडवतो, म्हणून तो टीटरच्या वाटेवर असतो. चांगल्या डब्यात दोन्ही वाटांवर कॉइल आणि कंडेन्सर जोडीनं असतात. त्यामुळं वाटणी जास्त कडक होते.

आता टीटर का जळतो ते बघा. टीटरच्या आतली कॉइल केसासारख्या बारीक तारेची असते. गाण्यातली बहुतेक ताकद जाड आवाजात असते. डबा काढून टीटर सरळ टेपच्या वायरीला जोडला की ती सगळी ताकद त्या बारीक तारेवर येते. तार तापते, तिचं वार्निश जळतं आणि टीटर मुका होतो. कधी पहिल्याच गाण्याला होतो, कधी आठवड्यानं. "बफरला दोन वायरी, त्याच दोन टीटरला" अशी जोडणी जिथं केली जाते तिथं हेच घडतं.

सीटच्या मागं लावतात ते अंडाकृती स्पीकर वेगळे. त्यांच्या मधोमध छोटा टीटर बसवलेलाच असतो आणि छोटा कंडेन्सरही त्याच्यावरच लावलेला असतो. त्यांना बाहेरचा डबा लागत नाही. बफर वेगळा आणि टीटर वेगळा असेल तरच डबा लागतो.

विकत घेताना काय बघायचं?

जुना सेट घ्यायचा तर डबे मागून घ्या. डावीकडं एक, उजवीकडं एक, असे दोन लागतात. विकणारा "डबा नसला तरी चालतंय" म्हणाला तर त्या हिशोबानं किंमत पाडा.

मग स्पीकर तपासा. यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो. मोटर दुरुस्तीवाल्याकडं तो असतोच.

१) मीटर ओहमवर, सगळ्यात खालच्या रेंजवर ठेवा. गाडीचे स्पीकर बहुतेक ४ ओहमचे असतात, पण मीटरवर ३.२ ते ३.८ असं काहीतरी दिसतं. ते बरोबर आहे. काहीच आकडा आला नाही तर कॉइल तुटली. एकदम शून्याजवळ आला तर कॉइल शॉर्ट आहे.

२) बफरचा पडदा दोन्ही अंगठ्यांनी, दोन्ही बाजूंनी सारखा दाब देत हळू आत ढकला. खरखर लागली तर कॉइल आत घासतेय. तो घेऊ नका.

३) पडद्याच्या कडेचा गोल पट्टा बघा. फोमचा पट्टा वयानं कुजतो, बोट लावलं की भुगा होतो. रबराचा जास्त टिकतो. फक्त पट्टा गेला असेल आणि कॉइल चांगली असेल तर पट्टा बदलता येतो.

४) टीटरचा पडदा दाबू नका. तो फक्त मीटरनं तपासा. त्याला बॅटरी लावून बघायची नाही.

५) डब्यातले कंडेन्सर बघा. फुगलेला, गळलेला किंवा तडकलेला असेल तर त्याच आकड्याचा नवा टाका. ॲल्युमिनियमच्या नळीसारखे दिसणारे कंडेन्सर वर्षानुवर्षं उन्हात तापलेल्या गाडीत सुकतात. मग टीटरचा आवाज बारीक पडतो.

अधिक-उणे कसं ओळखायचं?

स्पीकरच्या दोन पट्ट्यांपैकी एक रुंद आणि एक अरुंद असते. रुंद म्हणजे बहुतेक वेळा अधिक. खूण पुसलेली असेल तर बफरसाठी सोपी युक्ती आहे. घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल घ्या आणि दोन वायरींनी क्षणभर बफरला टेकवा. पडदा बाहेर आला तर सेलची अधिक बाजू जिथं टेकली ती स्पीकरची अधिक. पडदा आत गेला तर उलट. खडूनं खूण करून ठेवा. ही युक्ती फक्त बफरसाठी आहे. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी यासाठी वापरायची नाही.

एवढी खटपट कशाला? डाव्या बफरचा पडदा बाहेर येताना उजव्याचा आत जायला लागला तर दोघं एकमेकांचा जाड आवाज मारतात. स्पीकर चांगले, टेप चांगला, तरी ढोल पोकळ वाजतो. "बेसच येत नाही" या तक्रारीमागं बऱ्याचदा एका बाजूची उलटी वायर असते.

जोडणी : एकेक पायरी

सुरुवातीला बॅटरीचं उणे टर्मिनल काढा. मगच कामाला हात घाला.

डब्यावर तीन जोड्या असतात. 'इन' किंवा 'इनपुट' असं छापलेली जोडी, 'वूफर' किंवा नुसतं 'डब्ल्यू-एफ', आणि 'ट्विटर' किंवा 'टी-डब्ल्यू'. प्रत्येक जोडीत अधिक आणि उणे असतं.

पहिली पायरी : टेपच्या किंवा ॲम्पलीच्या डाव्या चॅनलच्या दोन वायरी डाव्या डब्याच्या 'इन'ला लावा. अधिकला अधिक, उणेला उणे.

दुसरी पायरी : 'वूफर' जोडीतून दोन वायरी दारातल्या बफरला.

तिसरी पायरी : 'ट्विटर' जोडीतून दोन वायरी टीटरला. बफरची आणि टीटरची उणे वायर एकत्र करून एकच ओढायची काटकसर करू नका. प्रत्येकाला आपल्या दोन वायरी.

चौथी पायरी : उजव्या बाजूला हेच परत. एका चॅनलला एक डबा. दोन्ही बाजू मिळून एका डब्यावर भागवायचं नाही.

पाचवी पायरी : काही डब्यांवर टीटरचा आवाज कमी-जास्त करायची छोटी पिन किंवा बटण असतं. त्यावर शून्य, उणे ३ असे डेसिबलचे आकडे असतात. टीटर कानाला टोचत असेल तर उणे ३ वर ठेवा.

स्पीकरसाठी १ किंवा दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची बहुतारी वायर पुरेशी आहे. एकतारी वायर गाडीच्या हादऱ्यानं तुटते. स्वस्त वायर कापून बघा. आत पांढरट तार दिसली तर ते ॲल्युमिनियम आहे, वर फक्त तांब्याचा मुलामा. जोड नुसता पिळून चिकटपट्टी मारण्याऐवजी डाग द्या आणि त्यावर तापवून आवळणारी नळी चढवा. चिकटपट्टी उन्हाळ्यात सुटते.

डबा दाराच्या तळाला ठेवू नका. काचेवरून उतरलेलं पावसाचं पाणी तिथंच साठतं. डॅशबोर्डखाली किंवा सीटखाली कोरड्या जागी स्क्रूनं घट्ट बसवा. दारात वायर नेताना पत्र्याच्या भोकाला रबरी बूच हवंच. पत्र्याची धार वायरीचं आवरण कापते. दार हजार वेळा उघडलं-मिटलं की तांबं पत्र्याला लागतं.

डब्यावरची अक्षरं पुसली असतील तर?

जुन्या डब्यावर हे नेहमीचं आहे. स्पीकर जोडायच्या आधी मल्टिमीटर घ्या. 'इन' कुठलं ते पट्टीच्या जागेवरून बहुधा कळतं. ते कळलं की एक टोक 'इन'च्या अधिकवर ठेवा आणि दुसरं बाकीच्या टर्मिनलवर एकेक करून टेकवा. जिथं जवळजवळ शून्य दिसेल ते वूफरचं अधिक, कारण मध्ये फक्त तांब्याची कॉइल आहे. टीटरच्या अधिकवर काही दिसणार नाही, कारण वाटेत कंडेन्सर आहे आणि मीटरचा करंट त्यातून जात नाही.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. टीटरच्या अधिक आणि उणेमध्ये मीटर लावला तर बऱ्याच डब्यांत शून्याजवळ आकडा येतो. लगेच "डबा शॉर्ट आहे" म्हणून फेकू नका. चांगल्या डब्यात त्या दोन टोकांमध्ये मुद्दाम एक कॉइल बसवलेली असते. उरलासुरला जाड आवाज ती टीटरच्या बाजूनं वळवून परत पाठवते.

डबाच मिळाला नाही तर?

पहिला पर्याय, बाजारात मिळणारा ४ ओहमचा 'टू-वे' क्रॉसओव्हर घ्यायचा. तो घरगुती ८ ओहमच्या स्पीकरचा नाही ना, हे बघून घ्या. ओहम चुकला की चाळणीचं भोक बदलतं. ४ ओहमसाठी बनवलेला कंडेन्सर ८ ओहमच्या टीटरला लावला तर वाटणीचा आकडा निम्म्यावर येतो. ४,००० वर अडायचा तो आवाज २,००० पासूनच टीटरमध्ये शिरतो आणि टीटर जळतो.

दुसरा पर्याय, निदान टीटरच्या अधिक वायरीत एक कंडेन्सर टाकायचा. त्याचा हिशोब सोपा आहे. ४ ओहमच्या टीटरसाठी ४०,००० ला कंडेन्सरच्या मायक्रोफॅरडनं भागा, वाटणीचा हर्ट्झ मिळतो.

१० मायक्रोफॅरड : साधारण ४,००० हर्ट्झ
६.८ मायक्रोफॅरड : साधारण ५,९०० हर्ट्झ
४.७ मायक्रोफॅरड : साधारण ८,५०० हर्ट्झ

एकटा कंडेन्सर डब्याइतकी कडक चाळण करत नाही, थोडा जाड आवाज निसटतोच. म्हणून टीटर लहान असेल तर ४.७ किंवा ६.८ घेणं सुरक्षित. तो मुका होण्यापेक्षा थोडा कमी वाजलेला बरा.

कंडेन्सर 'नॉन-पोलर' किंवा 'बायपोलर' मागा, म्हणजे ज्याला अधिक-उणे नसतं असा. अंगावर उण्याची पट्टी असलेला साधा कंडेन्सर एकटा लावू नका, तो फुगू शकतो. तालुक्याला काहीच मिळालं नाही तर सीलिंग फॅनचा नवा ४ मायक्रोफॅरडचा कंडेन्सरही चालतो. तो एसी करंटसाठीच बनवलेला असतो, त्यामुळं त्याला अधिक-उणे नसतं. वाटणी १०,००० हर्ट्झवर जाते, म्हणजे टीटर फक्त अगदी बारीक आवाज वाजवेल, पण जळणार नाही. मोटरच्या पेटीतला मोठा, १०० मायक्रोफॅरडसारखा कंडेन्सर मात्र चालत नाही. हिशोब करा. ४०,००० भागिले १०० म्हणजे ४०० हर्ट्झ. म्हणजे तो जवळजवळ सगळाच आवाज आत सोडतो.

ओहमचा घोटाळा

हा प्रश्न बरेच जण विचारतात : ४ ओहमचा बफर आणि ४ ओहमचा टीटर एकाच चॅनलला, म्हणजे २ ओहम झाले का? डबा मध्ये असेल तर नाही. दोघं वेगवेगळा आवाज घेतात, त्यामुळं टेपला एका वेळी साधारण ४ ओहमच दिसतात. डबा काढला की मात्र दोघं सगळा आवाज ओढतात आणि खरंच २ ओहम होतात. म्हणजे डबा टीटरबरोबर टेपलाही वाचवतो.

त्याच चॅनलला मागचा अजून एक स्पीकर जोडला तरी २ ओहमच होतात. साधा टेप ४ ओहमच्या खाली झेपत नाही. तो तापतो, मध्येच बंद पडतो आणि शेवटी आतली आयसी जाते. मागच्या स्पीकरला मागचं चॅनल वापरा.

टेपच्या खोक्यावर '५० वॅट गुणिले ४' लिहिलेलं असतं. ती क्षणभराची कमाल ताकद. ॲम्पली नसलेला साधा टेप सलग एका चॅनलला साधारण १५ ते २० वॅटच देतो. खरी ताकद 'आरएमएस' या शब्दापुढं लिहिलेली असते. स्पीकर आणि ॲम्पली घेताना तोच आकडा जुळवा.

ॲम्पली लावला असेल तर त्यावर 'एचपीएफ' आणि 'एलपीएफ' अशी बटणं असतात. बफर-टीटरच्या चॅनलवर एचपीएफ लावून ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा, म्हणजे दारातल्या छोट्या बफरवर फार जाड आवाजाचा ताण येत नाही. तिथं चुकून एलपीएफ लागलं असेल तर बारीक आवाज ॲम्पलीतच अडतो आणि टीटर बंद वाटतो. टीटर बदलायच्या आधी हे बटण बघा.

जुन्या गाडीची जुनी वायरिंग

जुन्या काही गाड्यांत स्पीकरला टेपकडून एकच वायर आलेली असते आणि दुसरी पट्टी बॉडीला बोल्टनं लावलेली असते. काहींत डाव्या-उजव्या स्पीकरची उणे वायर एकच असते. त्या काळच्या टेपला ते चालत होतं. आताच्या टेपला चालत नाही. आताच्या टेपमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर करंट असतो, उणे म्हणजे बॉडी नव्हे. ती उणे वायर पत्र्याला लागली की टेपची आयसी जाऊ शकते. त्यामुळं जुनी वायर ठेवू नका. प्रत्येक स्पीकरला टेपपासून नव्या दोन वायरी ओढा.

बाहेरून घेतलेल्या टेपच्या वायरींचे रंग बहुधा असे असतात :

पिवळी : बॅटरीचा कायमचा करंट
लाल : चावीचा करंट
काळी : बॉडी, म्हणजे अर्थ
पांढरी : पुढचा डावा स्पीकर
करडी : पुढचा उजवा
हिरवी : मागचा डावा
जांभळी : मागचा उजवा
निळी-पांढरी : ॲम्पली चालू करायची वायर

स्पीकरच्या ज्या वायरीवर काळी रेघ आहे ती उणे. निळी-पांढरी वायर ॲम्पलीच्या 'रिमोट'ला लावा. काही जण रिमोटला सरळ बॅटरीचा करंट देतात. मग टेप बंद केला तरी ॲम्पली रात्रभर चालू राहतो आणि सकाळी गाडीला धक्का मारायची वेळ येते.

ट्रॅक्टर, जीप, पिकअप यांची बॅटरी १२ व्होल्टची असते. मोठ्या ट्रकला मात्र २४ व्होल्ट असतात. १२ व्होल्टचा टेप ट्रकला सरळ जोडला तर तो तिथंच संपतो.

फ्यूजशी खेळ नको

डीपीवर फ्यूज उडाला की तार गुंडाळायची सवय आपल्याकडं जुनी आहे. गाडीत ती सवय महागात पडते. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, हात लावला तर झटका बसत नाही, म्हणून लोक तिला हलक्यात घेतात. पण शॉर्ट झाल्यावर हीच बॅटरी शेकडो अँपिअर करंट देते. वायर लाल होते, आवरण पेटतं, आणि शेजारी डिझेलची नळी असते.

ॲम्पलीसाठी बॅटरीवरून घेतलेल्या अधिक वायरीत फ्यूज हवाच, आणि तो बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत, म्हणजे दीड फुटात हवा. फ्यूज ॲम्पलीजवळ लावला तर मधली सगळी वायर उघडीच राहते. फ्यूजचा आकडा वायरीला झेपेल एवढाच ठेवा. टेपच्या पिवळ्या वायरीत कंपनीचा १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो. तो उडाला तर कारण शोधा. सारखा उडतोय म्हणून ३० चा टाकणं किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं म्हणजे गाडी पेटवायची तयारी करणं आहे.

ऐकून दोष ओळखा

टीटर वाजत नाही : आधी ॲम्पलीचं बटण, मग डब्याचा जोड, मग कंडेन्सर, सगळ्यात शेवटी टीटर तपासा. चालू बाजूचा टीटर काढून बंद बाजूला लावा. वाजला तर पहिला टीटर गेलाय. नाही वाजला तर दोष वायरीत किंवा डब्यात.

बेस पोकळ : एका बाजूच्या बफरच्या वायरी उलट्या आहेत.

मधला, म्हणजे गाणाऱ्याचा आवाज दबलेला : दोन्ही बाजूंच्या टीटरच्या अधिक-उणे वायरी बदलून बघा. काही डब्यांत टीटर उलटा जोडल्यावरच आवाज जुळतो. दोन्ही बाजूंना सारखंच करा आणि कानाला जे भरीव वाटेल ते ठेवा.

इंजिनबरोबर वाढणारी कुंई : अर्थ कच्चा आहे, किंवा सिग्नलची वायर बॅटरीच्या वायरीला चिकटून नेलीय. अर्थची जागा रंग खरवडून घट्ट करा आणि वायरी वेगवेगळ्या बाजूंनी न्या.

आवाज फाटतोय : लगेच कमी करा. ॲम्पलीची ताकद संपली की आवाजाच्या लाटेचं टोक कापलं जातं आणि तो कापलेला, कर्कश भाग सरळ टीटरकडं जातो. डबा बरोबर असूनही टीटर जळतो तो असाच.

आणि शेवटी, आवाज किती?

वाटणी नीट झाली की कमी आवाजातही शब्द स्वच्छ ऐकू येतात. "ऐकू येत नाही" म्हणून टेप वाढवायची गरज राहत नाही. याचा फायदा सगळ्यात जास्त ट्रॅक्टरवाल्याला. मागं दोन ट्रॉल्या, त्यात टेप मोठा, आणि मागून येणाऱ्या एसटीचा हॉर्न ऐकूच गेला नाही तर काय होतं, हे ऊस पट्ट्यातल्या माणसाला सांगायला नको.

कानाचंही गणित आहे. अमेरिकेतली कामगार आरोग्य संस्था 'नायॉश' सांगते की ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि पुढं दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. रात्रभर खेपा मारणाऱ्या चालकानं हा हिशोब डोक्यात ठेवावा. गेलेले कान परत येत नाहीत.

ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. शाळा, दवाखाना आणि कोर्टापासून १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. वस्तीतून जाताना टेप खाली घ्या.

काम स्वतः जमत नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडं द्या, पण समोर उभं राहून तीन गोष्टी बघा. टीटरच्या वाटेवर डबा किंवा कंडेन्सर बसवलाय का, स्पीकरची उणे वायर बॉडीला तर लावली नाही ना, आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज आहे का. तिन्ही बरोबर असेल तरच पैसे द्या आणि गाडी घेऊन निघा.